कवितेला राजकारणापासून वेगळं ठेवता येतं का? ठेवावं का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की कविता तुम्हाला जीव की प्राण आहे, पण हल्ली कविसंमेलनाला गेलं की मंचावर पुढारी, कवितेत पुढारी आणि टाळ्याही पुढाऱ्यालाच. म्हणून या दोघांची कायमची फारकत व्हावी असं तुम्हाला वाटतं. तुमचा वैताग मला कळतो. मी ३१ वर्षं माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं, सगळी नोकरी पारोळा-अमळनेर पट्ट्यात झाली, आणि असे मंच मी पुष्कळ पाहिलेत. काहींवर मी स्वतः बसलोही आहे.

माझं उत्तर आधी सांगून टाकतो. कवीने आपल्या मनाने राजकारण बाजूला ठेवलं, तर कविता त्यापासून वेगळी राहू शकते. दुसऱ्या कुणी त्याला ते बाजूला ठेवायला लावलं, तर लावणाऱ्याचं राजकारण त्या कवितेत शिरतं. हे मला एका कोजागिरीला कळलं, आणि त्या रात्री चूक माझ्याच हातून झाली होती.

पारोळा तालुक्यातलं एक गाव. मंदिरासमोर मंडप, बाजूला चुलाण्यावर दुधाची कढई, समोर सतरंज्यांवर बायामाणसं. कविता निवडायचं काम माझ्याकडे दिलेलं. खर्च गावातल्या एका कापूस व्यापाऱ्याने उचलला होता. संयोजक मला आदल्या दिवशीच सांगून गेले, "सर, राजकारणाच्या कविता नका घेऊ. सणाचा दिवस आहे." मला त्यात वावगं काही वाटलं नाही. मी मान डोलावली.

एक पोरगा दोन कविता घेऊन आला. बावीसेक वर्षांचा, बारावी झालेला, घरची शेती करणारा. दोन्ही कविता अहिराणीत, वहीच्या फाडलेल्या पानांवर. पहिली काट्यावरची, म्हणजे वजनकाट्यावरची होती. आमच्याकडे खेडा खरेदी चालते, ती तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो. व्यापारी टेम्पो घेऊन दारात येतो, तिथेच काटा लावतो, तिथेच भाव बोलतो, कापूस हातात घेऊन "ओला आहे, कवडी (डागी) आहे" म्हणत किलोमागे कापतो आणि रोख पैसे मोजून जातो. सरकारी केंद्र लांब असतं, गाडीभाडं परवडत नाही, दुकानाची उधारी अंगावर असते. म्हणून माणूस दारातच विकतो. पोराच्या कवितेत त्याचा बाप काही बोलत नाही. फक्त काट्याकडे बघत उभा राहतो. शेवटी ओळ येते: "काटा मना बापकडे कधी झुकनाच नही."

मी ती दोनदा वाचली. चांगली होती. आणि मी त्याला म्हणालो, "ही आज नको. ही दुसरी नदीवरची आहे ना, ती वाच."

त्याने वाद घातला नाही. ते पान माझ्या हातात ठेवून म्हणाला, "मंग हाई तुमनाकडेच ऱ्हाऊ द्या, सर."

रात्री त्याने नदीची वाचली. बोरी नदीची. लहानपणी त्याची आई उन्हाळ्यात पात्रात झिरा उकरायची, वाटीने पाणी भरायची, हंडा भरेपर्यंत तो वाळूत खेळायचा, एवढीच गोष्ट. कुणाला दोष नाही, कुणाचं नाव नाही. मग त्याने वाचलं: "रेतीखाले पानी व्हतं. रेती गई, पानी गयं." मंडप एकदम गप्प झाला. मागून एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "खरं शे रे भाऊ." पुढच्या खुर्च्यांवरच्या दोन-तीन माना खाली गेल्या. रात्री-अपरात्री नदीतून रेतीचे ट्रॅक्टर कुणाचे निघतात हे त्या मंडपात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी संयोजकांचा फोन आला: "सर, तुम्ही निवडलेली ती हीच का?"

मी तिच्यावर 'निसर्गकविता' अशी चिठ्ठी लावली होती. पाठ्यपुस्तकात आम्ही तशाच चिठ्ठ्या लावतो. देशभक्तिपर, निसर्गपर, सामाजिक. गावातल्या बायांना त्या चिठ्ठीशी काही घेणं नव्हतं. त्यांनी आपली नदी ऐकली.

त्याच रात्री दुसऱ्या एकाने महाराजांवर पोवाडा म्हटला होता, एकाने सीमेवरच्या जवानावर कविता वाचली होती, आणि एकाने खर्च करणाऱ्या शेठच्या दानतीवर चार ओळी म्हटल्या होत्या. यातलं काहीच कुणाला 'राजकारण' वाटलं नाही. मलाही नाही. शेठच्या दानतीची कविता चालली आणि शेठच्या काट्याची चालली नाही, ही निवड मी केली होती, आणि निवड करताना मी स्वतःला तटस्थ समजत होतो. ही गोष्ट मला अजून सलते.

आता तुमच्या प्रश्नाला खानदेशातून काय दिसतं ते सांगतो, कारण या मातीत दोन्ही बाजूंची थोर माणसं होऊन गेलीत.

साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि गुरुजी ते उतरवून घ्यायचे. 'गीता प्रवचने' हे पुस्तक असं तयार झालं. त्याआधी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात असताना त्यांनी तमिळमधला 'कुरल' हा काव्यग्रंथ मराठीत आणला. म्हणजे हा माणूस राजकारणासाठी तुरुंगात गेला आणि तुरुंगात बसून काव्याची सेवा करत होता. त्याच्यापुरती तरी फारकतीची रेघ कुठे ओढणार?

पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. 'पत्री' या त्यांच्या कवितासंग्रहाच्या प्रती इंग्रज सरकारने जप्त केल्या. त्यातल्या देशभक्तीच्या कविता लोकांच्या तोंडी बसायला लागल्या होत्या. आज 'बलसागर भारत होवो' हे गीत १५ ऑगस्टला शाळेच्या मैदानावर म्हटलं जातं. मी स्वतः कितीतरी वर्षं मुलांकडून बसवून घेतलं. त्यात राजकारण आहे असं कुणाही पालकाला कधी वाटलं नाही. पण 'आता उठवू सारे रान' हे शेतकरी-कामगारांचं गाणंही त्याच गुरुजींचं. ते जर मी स्नेहसंमेलनात बसवलं असतं तर? मी बसवलं नाही, हे खरं. कुणी मनाई केली नव्हती, माझी मीच केली. लेखणी एकच. एका गाण्याचा निखारा निवला म्हणून ते आपण मुलांच्या हातात देतो, दुसरं अजून गरम आहे म्हणून दूर ठेवतो. त्या काळच्या कलेक्टरला मात्र पहिलंच चटका देत होतं.

नंदुरबारचंही असंच. ९ सप्टेंबर १९४२ ला शिरीषकुमार मेहता हा पंधरा वर्षांचा मुलगा हातात झेंडा घेऊन निघाला आणि पोलिसांच्या गोळ्यांनी पडला. त्याच्यासोबत आणखी चौघे गेले. त्या मिरवणुकीत जी घोषणा होती ती गुजरातीत होती: "नहीं नमशे, नहीं नमशे, निशाण भूमि भारतनुं." मोठ्याने म्हणून बघा. तो ताल आहे, अनुप्रास आहे, पावलं टाकायला लावणारी लय आहे. ती कविता की घोषणा, हा वाद मी वर्गात कधी सोडवू शकलो नाही, आणि आता सोडवावा असं वाटतही नाही. पोरांच्या ओठांवर ती ओळ होती एवढं मला पुरतं.

तुम्ही म्हणाल, ही तर स्वातंत्र्यलढ्याची माणसं, त्यांचं राजकारणच मोठं होतं. ठीक. मग बहिणाबाईंकडे या.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) या असोद्याच्या माहेरवाशीण, जळगावच्या सासुरवाशीण. अक्षरओळख नाही. जात्यावर, शेतात काम करताना ओव्या सुचायच्या, घरातल्यांनी त्या टिपून घेतल्या. पुस्तक आलं त्यांच्या मागे, १९५२ साली. कुठल्या पक्षाशी, सभेशी त्यांचा संबंध नव्हता. राजकारणाबाहेरची कविता दाखवा म्हटलं तर सगळे त्यांच्याकडेच बोट दाखवतील. मीही दाखवत होतो.

तरुणपणी वैधव्य आलेल्या या बाईची एक कविता आहे. कुंकवाखाली नशिबाची रेघ लपलेली होती, कुंकू पुसलं आणि रेघ उघडी पडली, असं तिच्यात येतं. शेवटी ती जोतिष्याला सांगते की बाबा रे, माझं दैव मला कळतं, तू माझा हात पाहू नकोस, माझ्या दारी येऊ नकोस. मी ही कविता वर्षानुवर्षं 'जीवनविषयक चिंतन' म्हणून शिकवली, फळ्यावर तेच तीन मुद्दे लिहून. एका वर्षी तास संपता संपता मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, मन्ही मावशीले आखाजीले कोनीच बलावत नही." एवढं बोलून बसली. आखाजी म्हणजे आमच्याकडे माहेरवाशिणींचा सण. झाडांना झोके बांधतात, "आथानी कैरी, तथानी कैरी, कैरी झोका खाय वं" म्हणत बाया गातात, गौराई असते. मावशीचं कपाळ मोकळं म्हणून तिला त्यातून वगळलेलं. त्या पोरीने कविता माझ्यापेक्षा नीट वाचली होती. फळ्यावरचे तीन मुद्दे मी तिच्यासमोरच पुसले.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही बाकीच्या ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा असं पत्रक काढलं. ठराव, हात वर करून मतदान, सरकारी पत्रक. हे राजकारण नव्हे तर काय? आणि जी गोष्ट त्या ठरावात लिहिली गेली, ती जळगावच्या एका अडाणी म्हटल्या गेलेल्या बाईने किती आधी, कपाळाला हात लावून, चार ओळींत म्हणून ठेवली होती. तिने राजकारण आणलं नव्हतं. तिच्या कपाळावरच ते कुणीतरी आधी करून ठेवलं होतं. माणसाचा लोभाने कसा 'कानूस' झाला हेही तिनेच म्हटलंय, आणि मला वाटतं, त्या काट्यावरच्या पोराने ती कविता कुठेतरी ऐकलेली असणार.

(२०१८ मध्ये आमच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव मिळालं. मला आनंद झाला. पण नाव दिलं म्हणजे तिचं म्हणणं ऐकलं असं होत नाही, एवढं लिहून पुढे जातो.)

आता दुसरी बाजू, आणि ती मी तेवढ्याच कळकळीने मांडतो. बालकवी धरणगावचे. १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरलं, तिथे त्या सतरा वर्षांच्या मुलाची कविता ऐकून त्याला 'बालकवी' ही पदवी मिळाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात इकडून जवळच सुरतेला काँग्रेस फुटली. पुढच्या वर्षी टिळकांना मंडालेची शिक्षा झाली. देश पेटलेला होता. आणि या मुलाने औदुंबराची कविता लिहिली, पाण्यात पाय सोडून बसलेल्या झाडाची. आठ ओळी. त्याला कुणी विचारावं का, की बाबा, देशात एवढं चाललंय आणि तू झाडावर काय लिहितोस? मी म्हणतो, मुळीच नाही. त्याची नजर तिथे होती. १९१८ साली भादली स्टेशनजवळ आगगाडीखाली तो गेला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचाही नव्हता. त्या आठ ओळींचं मोल कुठल्याही जाहीरनाम्यापेक्षा मला कमी वाटत नाही. काही मित्र म्हणतात की राजकारणावर न लिहिणं हेही सत्तेला साथ देणं आहे. बालकवींना समोर ठेवून मला ते पटत नाही. "राजकारण लिहू नकोस" म्हणणारा मी आणि "राजकारणच लिही" म्हणणारे हे, आम्ही दोघेही कवीच्या खांद्यावरून त्याच्या कागदात डोकावतोय.

आणि दोन्ही एकाच माणसात सुखाने नांदल्याचंही उदाहरण आमच्या शेजारीच आहे. ना. धों. महानोर जळगाव जिल्ह्याच्या हद्दीला लागून असलेल्या पळसखेड्याचे. 'रानातल्या कविता' लिहिणारा हा शेतकरी १९७८ साली विधान परिषदेत गेला आणि तिथे पाण्यावर, शेतीवर बोलला. रान कवितेत होतं तेच सभागृहात होतं. कवितेत त्यांनी भाषण घुसवलं नाही.

पण ज्या कवीमुळे माझं मत खऱ्या अर्थाने पक्कं झालं ते वाहरू सोनवणे. शहाद्याकडचे भिल्ल कार्यकर्ते. १९७२ नंतर त्या भागात आदिवासींच्या गेलेल्या जमिनींसाठी, मजुरीसाठी श्रमिक संघटनेची चळवळ उभी राहिली, ते तिच्यातून आलेले. 'गोधड' हा त्यांचा संग्रह १९८७ चा. त्यात 'स्टेज' नावाची छोटी कविता आहे. आम्ही स्टेजवर गेलो नाही, आम्हाला बोलावलंच नाही, बोटाने जागा दाखवली, आम्ही खाली बसलो, आणि ते वर उभे राहून आमचंच दुःख आम्हाला सांगत राहिले. आमचं दुःख आमचंच राहिलं, त्यांचं कधी झालं नाही. असा तिचा आशय आहे. मूळ मिळवून वाचा, माझ्या सांगण्यात ती धार येणार नाही.

ही कविता कुणाविरुद्ध आहे? सावकाराविरुद्ध नाही, फौजदाराविरुद्ध नाही. आदिवासींच्या बाजूने बोलणाऱ्यांविरुद्ध आहे. चळवळीतल्या माणसाने चळवळीच्या मंचाकडे बघून लिहिली आहे. राजकीय कविता अशी असते. ती आपल्या माणसालाही सोडत नाही. तुम्हाला ज्या कवितांचा वीट आलाय त्यांची नेमकी इथेच गफलत आहे. नेत्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरच्या चारोळ्या, मंचावर पाहुणे बसलेत म्हणून ऐनवेळी बदललेलं शेवटचं कडवं, समोरच्या पक्षाला झोडपून आपल्या पक्षाबद्दल मुकी झालेली गझल. यांत राजकारण जास्त झालं अशी तुमची तक्रार आहे. मला तर त्यांत पाहणंच कमी दिसतं. कवीने डोळ्यांवर गमछा बांधला आणि गमछ्याचा रंग सांगत बसला.

२०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, आणि त्याच दिवसांत त्याच गावात विद्रोही साहित्य संमेलनही झालं. मी दोन्हीकडे गेलो. तेव्हाही अनेकांनी नाक मुरडलं की साहित्यात ही दुही कशाला. मला एकाच गावात दोन मांडव असणं चांगलंच वाटलं. एका मांडवात ज्याला जागा मिळाली नाही तो दुसरीकडे वाचू शकत होता. आमच्या कोजागिरीला मांडव एकच होता आणि त्याच्या दारावर मी उभा होतो.

म्हणून तुम्हाला एवढंच सुचवतो. फारकत मागताना ती कुणाकडून मागताय ते बघा. पुढाऱ्याला मंचावरून खाली बसवायचं असेल तर मी तुमच्यासोबत आहे. खर्च करणाऱ्याने कवितांच्या यादीला हात लावू नये, सत्कार आणि कविता एकाच कार्यक्रमात नको, हेही मागा. पण कवीला "हे लिहू नको" म्हणायची पाळी आली तर माझ्यासारखी घाई करू नका.

त्या पोराची गोष्ट अर्धी राहिली. काट्याची कविता अजून माझ्या कपाटात आहे, त्याच वहीच्या पानावर. मागच्या वर्षी मी त्याला फोन करून माफी मागितली आणि म्हटलं, ती आता वाच, कुठेही वाच, मी मंच मिळवून देतो. तो म्हणाला, "सर, तिचं दुसरं कडवं कच्चं आहे. मी त्यात व्यापाऱ्याला शिव्या दिल्यात. बाप नुसता बघतो तिथंच ती संपायला हवी होती." मी पान काढून पुन्हा वाचलं. त्याचं बरोबर होतं. त्या रात्री मी त्याच्याशी ही गोष्ट बोलायला हवी होती. कडव्याची, ओळीची, कविता कुठे थांबायला हवी याची. ते सोडून मी सणाच्या दिवसाचं बोललो.

तो ती पुन्हा लिहितोय. यंदा कोजागिरीला आमच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, आठ-दहा जण बसणार आहोत, दूध घरचं, खर्च कुणाचाच नाही. तो दोन्ही कविता वाचणार आहे, नदीची आणि काट्याची, आणि एक पोरगी फक्त पावसावरच्या वाचणार आहे. तुम्ही इकडचे असाल तर खाली कळवा.